भाच्याच्या इंजिनिअरिंगचं लोन कमी पडतंय, वरचे पैसे कुठून उभे करावेत?

धायरीवाला
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, आज गरज पडली म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा सख्खा भाचा, बार्शीचा. सीईटी देऊन कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) पुण्यातल्या एका प्रायव्हेट कॉलेजला कॉम्प्युटरला लागला, आता सेकंड इयर सुरू होईल. दाजींची साडेतीन एकर जमीन आणि गावात छोटं दुकान. अॅडमिशनच्या वेळी तिकडच्याच एका सरकारी बँकेच्या शाखेतून ४ लाखांचं शैक्षणिक कर्ज केलं, चारही वर्षांचं मिळून. मॅनेजर म्हणाले ४ लाखांच्या आत बसवा म्हणजे तारण नको जामीन नको, दाजींनी सही केली. निम्मी ट्यूशन फी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून सुटते आणि उरलेली ट्यूशन, डेव्हलपमेंट फी, परीक्षा वगैरे या लोनमधून जातं, तिथपर्यंत गाडी रुळावर आहे.

घोळ राहण्या-जेवणाचा आहे. कॉलेजच्या होस्टेलला नंबर लागला नाही त्यामुळे कर्वेनगरला कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने) राहतो, ७५०० भाडं, मेसचे ३४००, म्हणजे महिन्याला १०९०० आणि वर वह्या-प्रिंटा-बस. वर्षाला १ लाख ३० हजार कुठे गेले नाहीत. पहिलं वर्ष दाजींनी ओढलं, यंदा सोयाबीन पाण्यात गेलं आणि आता त्यांचा हात टेकलाय. तीन वर्षांचे धरले तर ४ लाखांच्या आसपास खड्डा आहे.

डोक्यात असलेले पर्याय: ताईचं सोनं ठेवणे (ती तयार आहे, माझं मन होत नाही), मी माझ्या पगारावर पर्सनल लोन उचलणे (बँकेचं अॅप उघडलं की १४ टक्क्यांनी प्री-अप्रूव्ह्ड म्हणून नाचत असतं), नाहीतर पुण्यात दुसऱ्या बँकेत दुसरं एज्युकेशन लोन बघणे आणि त्यात मी सहकर्जदार होणे. पुढच्या वर्षी नऱ्ह्यात स्वतःचा फ्लॅट बघायचाही विचार चाललाय, त्यामुळे सगळंच एकात एक अडकलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठेतली_ताई
बाकी काहीही करा पण पर्सनल लोन नको. चार लाख आज उचलणार, लागणार ते तीन वर्षांत थोडे थोडे, आणि व्याज मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण चार लाखांवर. वर पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. मुलगा अजून डेटा स्ट्रक्चर शिकतोय आणि मामा हप्ते भरतोय.

हिंजवडी_फेज३
मी म्हणतो सोनं ठेवा आणि मोकळे व्हा. अर्ध्या तासात पैसे हातात, कुणाच्या पाया पडणं नाही, व्याजही पर्सनल लोनपेक्षा कमी. सोनं कपाटात नाहीतरी काय करतंय. एज्युकेशन लोनसाठी सरकारी बँकेत जाणं म्हणजे "साहेब जेवायला गेलेत, चार वाजता या" हे ऐकायची तयारी हवी. तेवढ्या सुट्ट्या आहेत का तुमच्याकडे?

शिवाय ती पीएम विद्यालक्ष्मी आलीये ना आता, तारण नाही काही नाही, ती बघा.

धायरीवाला
@पेठेतली_ताई, ४ लाख ५ वर्षांसाठी १४ टक्क्यांनी म्हणजे हप्ता ९३०० च्या पुढे दाखवतंय. म्हणजे भाच्याच्या महिन्याच्या खर्चापेक्षा थोडाच कमी. मग मी सरळ महिन्याचे पैसेच का पाठवू नयेत, असा हिशोब बायकोने मांडला आणि मी गप्प बसलो.

लेजरकाका
३४ वर्षं सरकारी बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. आता रिकामा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धायरीवाले, तुम्ही चौथा पर्याय लिहिलाच नाही आणि पहिला तोच करायचा असतो. ज्या शाखेने ४ लाख दिले तिथेच मर्यादा वाढवून मागा. एकाच कोर्सला दोन बँकांकडून दोन शैक्षणिक कर्जं असं सहसा होत नाही, दुसरी बँक फार तर पहिलीचं खातं अख्खं टेकओव्हर करते. त्यामुळे पुण्यात बँका फिरत बसू नका. बार्शीच्या शाखेत "सुधारित खर्चाच्या अंदाजानुसार कर्जमर्यादा वाढवून मिळणेबाबत" असा साधा अर्ज द्यायचा.

आता त्यांनी द्यावं का, तर हो. बहुतेक सरकारी बँका इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेवर चालतात. त्यात फी, परीक्षा-लायब्ररी-लॅब, पुस्तकं, रास्त किमतीचा कॉम्प्युटर हे तर येतंच, पण होस्टेल मिळालं नाही आणि मुलगा बाहेर राहिला तर राहण्या-जेवणाचा वाजवी खर्चही धरता येतो. बऱ्याच शाखा हे आपणहून सांगत नाहीत, आईबाप विचारत नाहीत, आणि मंजुरी नुसत्या फीच्या आकड्यावर होते. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतंय.

तारणाचं म्हणाल तर ४ लाखांपर्यंत फक्त आईवडील सहकर्जदार. त्याच्या पुढे पूर्वी तिसऱ्या माणसाचा जामीन मागायचे. २०१५ पासून शैक्षणिक कर्जासाठी केंद्राचा क्रेडिट गॅरंटी फंड आहे, त्यात ७.५ लाखांपर्यंतचं कर्ज तारण आणि तिसऱ्या माणसाच्या जामिनाशिवाय बसतं, बुडालं तर बँकेला ७५ टक्के भरपाई फंडातून मिळते. म्हणजे तुमच्या भाच्याला ४ वरून ७.५ पर्यंत जायला वाव आहे, साडेतीन लाख वाढतात. खड्डा ४ चा आहे, उरलेला अर्धा लाख मामाला जड नाही.

एक मात्र. ४ लाखांच्या वर गेलं की देशातल्या शिक्षणाला ५ टक्के मार्जिन म्हणजे स्वतःचा वाटा लागतो. पण शिष्यवृत्ती मार्जिनमध्ये धरता येते, त्यामुळे शाहू शिष्यवृत्तीचा मंजुरीचा कागद फाइलला लावा आणि तसं अर्जात लिहा. लिहिलं नाही तर कुणी धरणार नाही.

हिंजवडी_फेज३
काका कागदावर सगळं छान आहे हो. माझ्या चुलतभावाला एका सरकारी बँकेच्या शाखेत तोंडी सांगितलं "वाढवून मिळत नाही" आणि पाठवला परत. काय करणार?

लेजरकाका
तोंडी सांगितलेलं नाही मोजायचं नाही. अर्ज लेखी द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यायची. शैक्षणिक कर्ज नाकारायचं असेल तर शाखेने वरच्या कार्यालयाची संमती घ्यायची आणि कारण लेखी कळवायचं अशी पद्धत आहे. शिक्का मागितला की निम्मी कामं तिथेच हलतात, कारण नाकारायचं तर मॅनेजरलाच वर लिहावं लागतं आणि तो ताप त्याला नको असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, वकील लागत नाही, फी लागत नाही. पण तिथवर सहसा जात नाही.

आणि सोन्याचं. सोनेतारण मी स्वतः शेकड्यांनी केलीयेत, वाईट म्हणत नाही. पण मुदत बघा. घरखर्चाच्या सोनेतारणात व्याज-मुद्दल एकदम शेवटी भरायचं असेल तर मुदत १२ महिन्यांची. वर्ष संपलं की सगळं भरा, नाहीतर व्याज भरून पुन्हा ठेवा. मुलाला नोकरी लागायला तीन-साडेतीन वर्षं आहेत. दर वर्षी श्रावणात ताईंनी पैसे कुठून आणायचे? शैक्षणिक कर्जात कोर्स संपेपर्यंत आणि वर एक वर्ष हप्ता नाही, त्या काळात व्याज सरळव्याजाने, आणि नंतर फेडायला १५ वर्षांपर्यंत. पैसेही सेमिस्टरप्रमाणे सुटतात, जेवढे सुटले तेवढ्यावरच व्याज. सोनं राखीव ठेवा, एखाद्या सेमिस्टरला बँकेचा उशीर झाला आणि फीची तारीख उलटत असेल तर महिना-दोन महिन्यांपुरतं ठेवायला.

पेठेतली_ताई
काका फॉर्मात! "श्रावणात" का पण? 😄

लेजरकाका
अॅडमिशनच्या हंगामात सोनं यायचं ते बहुतेक त्याच सुमाराला. आणि लगेच गौरी-गणपतीला घरात घालायला काही नाही म्हणून बायका कावून जायच्या.

बार्शीकर_४१३४०१
धायरीवाले, आपण गाववाले निघालो. साडेतीन एकर म्हणजे दाजी अल्पभूधारक, २ हेक्टरच्या आत. मग डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता का नाही घेतला? अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठीच आहे, अर्ज महाडीबीटीवरच (राज्य सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल), शाहू शिष्यवृत्तीचा भरतो तिथेच बाजूला दिसतो. पुणे-मुंबईसारख्या शहरात राहणाऱ्यांना जास्त रक्कम. सरकारी वसतिगृहात असेल तर नाही मिळत, बाहेर कॉट बेसिसवर असेल तर उलट त्याच्यासाठीच आहे. तलाठी-तहसीलचा अल्पभूधारक दाखला काढून ठेवा, बार्शीत सेतूला मी सांगू शकतो कुठल्या वेळेला गर्दी नसते ते, विपु (खाजगी निरोप) करा.

लोकं लोन शोधत फिरतात आणि जे फुकट आहे ते तसंच पडून राहतं, माझ्या पाहण्यातलीच कितीतरी पोरं आहेत. पैसे उशिरा येतात हे खरं, कधी कधी पुढचं वर्ष उजाडतं, पण येतात. आले की लोनमध्ये भरून टाका.

दुसरं, उत्पन्नाचा दाखला कितीचा आहे? ४.५ लाखांच्या आत असेल तर केंद्राची व्याज अनुदान योजना बघा.

धायरीवाला
@बार्शीकर दाखला २ लाख १० हजारचा आहे. पंजाबराव भत्त्याचं खरंच माहिती नव्हतं, दाजींना आत्ताच फोन केला, ते म्हणाले सायबर कॅफेवाल्याने फॉर्म भरला, त्याने एकच भरला. व्याज अनुदानाचं जरा उलगडून सांगा ना.

लेजरकाका
मी सांगतो. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ४.५ लाखांच्या आत, कोर्स तांत्रिक किंवा व्यावसायिक आणि संस्था नॅक किंवा एनबीए (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्था) मान्यतेची असली, तर कोर्सचा काळ अधिक एक वर्ष एवढं व्याज केंद्र सरकार भरतं. योजनेचं छोटं नाव सीएसआयएस, आता पीएम-यूएसपी या मोठ्या छत्रीखाली आलीये. कॅनरा बँक नोडल बँक आहे, पण तुम्ही तिकडे जायचं नाही, तुमचीच शाखा पोर्टलवर दावा टाकते. मुलाने कोर्स मध्येच सोडला किंवा कॉलेजने काढलं तर मिळत नाही. शाखेत दोन गोष्टी विचारा: पहिल्या ४ लाखांवर दावा टाकलाय का, आणि शाहू शिष्यवृत्ती चालू असताना टाकायला काही अडचण आहे का. पहिल्याचं उत्तर "बघून सांगतो" असं आलं तर समजून जा की टाकलेला नाही.

हिंजवडी, तुम्ही म्हणता ती पीएम विद्यालक्ष्मी चांगली आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केली. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर कोर्सचा काळ अधिक एक वर्ष ३ टक्के व्याज सवलत. पण कॉलेज त्यांच्या यादीत हवं, यादी एनआयआरएफ रँकिंगवरून (केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी) केलीये, सुरुवातीला देशभरातल्या ८६० संस्था होत्या. पुण्यातली सगळी प्रायव्हेट कॉलेजं त्यात नाहीत. आणि त्या ३ टक्क्यांसोबत दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालत नाही. निम्मी ट्यूशन फी सोडून ३ टक्के कोण घेईल?

कॉट_बेसिस
मी स्वतः थर्ड इयरला आहे, कोथरूडला राहतो, आमच्या रूमवर तिघे. काकांनी सांगितलं तसंच माझं लोन वाढवून झालंय पण खरी कसरत कागदांची होती ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

बँक म्हणाली राहण्याच्या खर्चाचा पुरावा आणा. आमच्या रूमच्या काकू भाडं कॅश घेतात आणि पावती म्हणजे एका लांबट डायरीत नाव, महिना, रक्कम आणि पुढे "मिळाले" असं पेन्सिलने. त्याचा फोटो बँकेत दाखवला तर ऑफिसर हसले नाहीत पण चष्मा काढून ठेवला. काकूंना म्हटलं पावती द्या तर त्यांना वाटलं हा इन्कम टॅक्सवाल्यांना आणणार आता. भाडेकरार तर लांबच.

मग एक सीनियर म्हणाला कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला जा आणि बोनाफाइडसोबत "वसतिगृहात जागा उपलब्ध नाही" असं लेटरहेडवर माग, आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात कॉलेजच्या स्वतःच्या होस्टेल-मेसचा दर टाकून माग. त्यांच्याकडे छापील फॉरमॅट असतो, परदेशी जाणारे आणि लोनवाले रोज मागत असतात. ते लेटर लावल्यावर बँकेने कॉलेज होस्टेलच्या दराएवढी रक्कम धरली. काकूंची डायरी पुन्हा काढावी लागली नाही. मेसवाले भाऊ मात्र चांगले, जीपे घेतात, स्टेटमेंटच पुरावा झालं.

अजून एक, फीचे पैसे बँक थेट कॉलेजच्या खात्यात टाकते, राहण्या-जेवणाचे माझ्या खात्यात आले, दर सेमिस्टरला मार्कशीट दाखवल्यावर. तेव्हा भाच्याला सांगा मार्कशीटच्या झेरॉक्स नेहमी तयार ठेव.

पेठेतली_ताई
@कॉट_बेसिस पेन्सिलने "मिळाले"!! सदाशिवातल्या असतील तर खोडरबरही ठेवत असतील. हलकेच घ्या.

मुद्द्याचं: लोन वाढवण्यासोबत खर्च कमी करता येतो का तेही बघा. विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत पुण्यात, १९५५ पासून चालू असलेली संस्था, ग्रामीण भागातून आलेल्या गरजू मुलामुलींसाठी. मुलाखत घेऊन प्रवेश देतात, राहणं-जेवण बाहेरच्या मानाने अगदी थोडक्यात होतं. आमच्या शेजारचा मुलगा तिथे होता, शिस्त आहे, स्वतःची कामं स्वतः करावी लागतात, पण पोरगं घडलं. उशीर करू नका, जागा भरल्या की वर्षभर थांबा. विद्यापीठाची कमवा आणि शिका पण आहे पण इंजिनिअरिंगच्या सबमिशनमध्ये त्याला कितपत झेपेल शंका आहे, मेसचा खर्च निघाला तरी डोक्यावरून पाणी.

मुळशीची_माही
छान धागा. माझाही प्रश्न इथेच विचारते, लेकीला जर्मनीत मास्टर्सला जायचंय, फी नाहीच्या बरोबर पण ब्लॉक्ड अकाउंटला (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) ११९०४ युरो दाखवायचे आहेत. एवढ्यासाठी लोन मिळतं का? तारण द्यायला फ्लॅट आहे पण तो अजून बँकेकडेच आहे 🙁

हिंजवडी_फेज३
@मुळशीची_माही नवीन धागा काढा ना, इथे बार्शी-कर्वेनगर चाललंय त्यात एकदम म्युनिक कुठे.

लेजरकाका
असू द्या हो. माहीताई, परदेशी शिक्षणात राहण्याचा खर्च धरतात, ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे राहण्याचाच खर्च आहे, विचारताना तसंच विचारा. मार्जिन परदेशासाठी १५ टक्के. ७.५ लाखांवर गेलात तर सरकारी बँक तारण मागेल, फ्लॅट गहाण आहे पण बरंचसं कर्ज फिटलं असेल तर त्याच बँकेत विचारा, तेच तारण वाढवून घेतात का ते. प्रायव्हेट फायनान्स कंपन्या तारणाशिवाय देतात, व्याज जास्त आणि शिकत असतानाच थोडं व्याज दरमहा भरायला लावतात. त्याआधी जे. एन. टाटा एन्डावमेंटच्या लोन स्कॉलरशिपचा अर्ज करा, १८९२ पासून देतायत, परदेशी उच्च शिक्षणासाठीच आहे. के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी आहे, तीही बघा. लोनमधून पैसे बाहेर पाठवलेत तर १ एप्रिल २०२५ पासून त्यावर टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर) कापत नाहीत, स्वतःच्या खिशातून पाठवलेत तर वर्षाला १० लाखांच्या वर कापतात. बाकीचं खरंच नव्या धाग्यावर, मी येतो तिथे.

धायरीवाला
मंडळी, खूप आभार. दोन-तीन गोष्टी अजून. एक, वाढवलेल्या लोनला मी सहकर्जदार व्हावं का, ताईला तसं वाटतंय, की दाजींचं उत्पन्न कमी दिसतं म्हणून बँक अडेल. दोन, मला टॅक्समध्ये काही फायदा आहे का. तीन, एक एजंट भेटलाय, म्हणतो १५ दिवसांत १० लाख करून देतो, आधी ८ हजार फाइल चार्ज.

पेठेतली_ताई
तिसऱ्याचं उत्तर मी देते. नंबर ब्लॉक करा.

लेजरकाका
ताईंशी सहमत. सरकारी बँका देशातल्या शिक्षणाच्या कर्जाला प्रोसेसिंग फी घेत नाहीत, मग हे ८ हजार कुणाच्या खिशात जातात?

टॅक्सचं, कलम ८०ई मध्ये व्याजाची पूर्ण वजावट आहे, रकमेला मर्यादा नाही, ८ वर्षांपर्यंत, पण फक्त जुन्या करपद्धतीत, आणि स्वतः, नवरा-बायको, मुलं किंवा ज्याचे तुम्ही कायदेशीर पालक आहात त्याच्यासाठी. भाचा त्यात बसत नाही. मामाला काही नाही. भाचा नोकरीला लागून स्वतः हप्ते भरेल तेव्हा त्याला मिळेल.

सहकर्जदार होऊ नका. कोरडेपणाने नाही सांगत. सहकर्जदार झालात की साडेसात लाखांचं कर्ज तुमच्याही सिबिलवर (कर्जाच्या नोंदींचा अहवाल) दिसणार, पुढच्या वर्षी नऱ्ह्याच्या फ्लॅटला बँक तेवढी क्षमता कमी धरणार. भाच्याचा एक हप्ता चुकला तर डाग दोघांवर. या कर्जात आईवडील सहकर्जदार असले की पुरतं आणि बँक मुख्यतः मुलाच्या पुढच्या कमाईवर देते, दाजींच्या सोयाबीनवर नाही. मॅनेजर अडलाच तर ते लेखी मागा.

मदत करायचीच तर अशी करा. पहिल्या वर्षी वाढीव रकमेतले १ लाख ३० हजारच सुटतील, समजा १० टक्के व्याज धरलं तर महिन्याला अकराशेच्या आसपास व्याज. ते तुम्ही दरमहा त्याच्या लोन खात्यात भरा. शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर बऱ्याच बँका दरात १ टक्का सवलत देतात, मंजुरीपत्रात आहे का बघा. व्याज भरलं नाही तर ते मुद्दलात मिळतं आणि पुढे हप्ता त्यावर बसतो. अनुदान मंजूर झालं तर तेही भरायला नको. तुमचं नाव कागदावर कुठेच नाही, आणि उद्या अडचण आली तर थांबवताही येतं.

बार्शीकर_४१३४०१
काकांना बँकेने इतक्यात सोडायला नको होतं.

आणि कुणी ओबीसी असेल वाचणाऱ्यांत तर इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, देशात १० लाखांपर्यंत, परदेशात २० लाखांपर्यंतच्या कर्जाला, व्याज १२ टक्क्यांपर्यंत परत मिळतं. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून कॅपमधून व्यावसायिक कोर्सला आलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. धायरीवाले, भाची असती तर लोन एवढं लागलंच नसतं.

धायरीवाला
धागा वर काढतोय, अपडेट द्यायचं होतं. दाजी आणि मी दोघे शाखेत जाऊन आलो. मॅनेजर नवीन आलेत, बाई आहेत. आधी म्हणाल्या "एकदा मंजूर झालं की तेच", मग मी कॉलेजचं लेटर आणि अंदाजपत्रक पुढे ठेवलं (कॉट_बेसिस तुझ्या फॉरमॅटने काम केलं), दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला, तेव्हा म्हणाल्या बसा. अर्ज घेतलाय, पूर्ण साडेसात नाही, ७ लाख २० हजारापर्यंत बसेल म्हणाल्या, वरून मंजुरी यायची आहे. शिष्यवृत्ती मार्जिनमध्ये धरायला त्यांची हरकत नाही. व्याज अनुदानाचा दावा, काका म्हणाले तसंच, टाकलेलाच नव्हता. उत्पन्नाचा दाखला आणि कॉलेजचं नॅकचं सर्टिफिकेट मागितलंय, टाकता येतो का बघून कळवतील.

वर एक विमा पॉलिसी काढा म्हणाला तिथला दुसरा एक जण, वर्षाला १८ हजार, "लोनसाठी बरं पडतं". दाजी सही करणार होते, मी पेन काढून घेतलं. ही सक्तीची असते का?

अजून एक काळजी, भाच्याचे एम-टू (गणिताचा दुसरा पेपर) आणि अजून एक विषय राहिलेत. त्याने आम्हाला आत्ता सांगितलं. लोनला प्रॉब्लेम येईल का?

लेजरकाका
पेन काढून घेतलंत ते उत्तम. ती बचतीची पॉलिसी असणार, तिचा लोनशी संबंध नाही, सक्ती करता येत नाही. मुलाच्या नावाचा कर्जाएवढा साधा जीवन विमा वेगळा असतो, त्याचा हप्ता एकदाच आणि त्यामानाने खूप कमी, आणि तो खर्च कर्जातच धरता येतो. तो घ्यावा की नाही यावर दुमत असू शकेल, मी घेतला असता.

दोन विषय राहिले म्हणून मंजुरी जात नाही. पुढच्या वर्गात प्रवेश मिळाला असेल तर प्रवेशाची पावती आणि मार्कशीट दोन्ही लावा, बँक साधारणपणे कर्जाचे पुढचे पैसे सोडते. वर्षच गेलं तर मात्र लपवू नका, कॉलेजच्या पत्रासह लगेच शाखेला कळवा. वेळेत कोर्स पूर्ण झाला नाही तर मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवून देता येते, पण ती अर्ज केला तरच, नाहीतर सिस्टीम ठरल्या तारखेला हप्ता सुरू करते आणि खातं थकीत दाखवायला लागते. अनुदानाच्या बाबतीतही कोर्सचा काळ मूळ जेवढा तेवढाच धरतात, वाढलेल्या वर्षाचं व्याज तुम्हालाच.

कॉट_बेसिस
@धायरीवाला एम-टू सगळ्यांचा राहतो. माझ्याकडे नोट्स आहेत, पाच वर्षांचे सोडवलेले पेपर पण आहेत, त्याला कर्वेनगरहून यायला दहा मिनिटं लागतील, विपुत नंबर द्या.

धायरीवाला
विपु केलीये. मंजुरी आली की आकडा इथे टाकतो.